विजापूर वेशीपलीकडे

सोलापुरात विजापूर वेस नावाची जागा आहे. वेस कधीच गेली, नाव तेवढं राहिलं. रमजानच्या महिन्यात तिथे रात्री उशिरापर्यंत बाजार जागा असतो. लहानपणी आत्याचा हात धरून मी त्या गर्दीतून बांगड्या घेत हिंडले आहे. ही वेस विजापूरच्या दिशेला तोंड करून उभी होती, म्हणून तिचं हे नाव, एवढं मला माहीत होतं. पण एकदा मी आत्याला विचारलं, "विजापुरात काय आहे गं?" तर ती म्हणाली, "काय असणार? तिथून खान आला."

प्रश्न मिटला. पुढची पस्तीस वर्षं मिटलेलाच राहिला.

आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं चौथीला शिकवत होती. चौथीचा इतिहास म्हणजे शिवाजी महाराज, आणि आत्याच्या वर्गात त्याचा कळस म्हणजे अफजलखानाचा धडा. हा धडा ती वाचून दाखवत नसे, करून दाखवत असे. टेबलावर खडूचा डबा ठेवायची, तो विडा. स्वतः बडी बेगम व्हायची आणि विचारायची, "आहे का कुणी शिवाजीला धरून आणणारा?" सगळ्या पोरांना महाराज व्हायचं असायचं, त्यामुळे खान ती स्वतःच नेमायची, वर्गातला सगळ्यात उंच मुलगा. त्याने पुढे येऊन खडूचा डबा उचलायचा. मग वर्षभर त्या बिचाऱ्याला खान हेच नाव. तिचे सात-आठ खान अजून सोलापुरात भेटतात. एक बँकेत कॅशियर आहे. काउंटरच्या काचेआडून उठून उभा राहतो आणि सांगतो, "बाई, मी तुमचा त्र्याण्णव सालचा खान."

ती बहात्तर वर्षांची झाली तेव्हा मी म्हटलं, चल, विजापूर बघून येऊ. शंभर किलोमीटर. पुण्याला ती दहा वेळा आली, काशीला जाऊन आली, मुलाकडे दुबईला राहून आली. विजापूरला गेली नव्हती. "आता काय बघायचं त्या आदिलशहाचं," असं पुटपुटत तिने रात्रीच दशम्या करून ठेवल्या.

सोलापूर सोडून टाकळीला आलं की भीमा लागते. पंढरपुरात चंद्रकोरीसारखं वळण घेणारी तीच ही नदी. आत्याने चालत्या गाडीतून हात जोडले. पूल संपला आणि पाट्या कन्नड झाल्या. बाकी काही बदललं नाही. तीच काळी जमीन, तीच ज्वारी, तीच बाभळ. विजापूर अजून बरंच लांब असताना क्षितिजावर काहीतरी गोल, करडं दिसायला लागलं. "ढग आहे का गं तो?" आत्याने विचारलं. तो गोलघुमट होता.

गावाचं नाव 2014 पासून अधिकृतपणे विजयपूर आहे, पण टांगेवाल्या चाचांच्या तोंडी बिजापूर, आमच्या तोंडी विजापूर. चाचांनी आत्याचं नऊवारी बघून विचारलं, "अम्मा, सोलापूरचे काय?" त्यांची भाषा म्हणजे दखनी, मराठी आणि थोडं कन्नड यांचा काला. सोलापूरच्या माणसाला तो न चाळता कळतो. "महाराष्ट्राचे लोक आले की एकच विचारतात," ते म्हणाले, "अफजलखानाच्या बायकांच्या कबरी कुठे. पहले घुमट तो देखो."

तर आधी घुमट.

महंमद आदिलशहाने ही कबर स्वतःसाठी बांधवून घेतली. तो 1627 ला गादीवर आला आणि 1656 ला इथेच पुरला गेला. आतमध्ये एकही खांब नाही, सुमारे 18,000 चौरस फुटांची मोकळी जागा, आणि वर तो घुमट, बाहेरून 44 मीटर व्यासाचा. आत शिरल्यावर माणूस पहिली गोष्ट करतो ती म्हणजे गप्प होतो. आत्याही झाली. मग मान वर करून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "अगं, ही तर रांगोळी आहे."

खरंच होतं. एका चौकोनावर दुसरा चौकोन तिरका ठेवला की आठ टोकांची चांदणी होते. दारात रोज काढतो तीच. इथे ती रेषांची नव्हे, कमानींची आहे. आठ कमानी एकमेकींना छेदत वर जातात, चौकोनी खोलीचा हळूहळू गोल करतात आणि त्या गोलावर घुमट बसतो. एवढ्या वजनाचा घुमट भिंतींना बाहेर लोटू बघतो, आणि कमानींचे हे छेद आत झुकून त्याला आवरतात. मी हे कुठेतरी वाचलं होतं, पण आकृती बघून डोक्यात शिरलं नव्हतं. आत्याच्या एका वाक्याने शिरलं.

मधोमध चौथऱ्यावर कबरी आहेत. खरी दफनं खाली तळघरात, वर दिसतात त्या खुणेच्या. महंमदशहा, त्याच्या बेगमा, आणि रंभा नावाची त्याची एक आवडती नर्तकी. "हाच तो," आत्या म्हणाली. आवाज आपोआप खाली आला होता. "यानेच शहाजीराजांना कैद केलं." ते साल 1648. जिंजीला मुस्तफाखानाने राजांना पकडलं आणि त्यांना विजापूरला आणणाऱ्यांत अफजलखान होता. हे सगळं तिला तोंडपाठ, फक्त त्या माणसापासून आपण आता दहा फुटांवर उभ्या आहोत, हे काही तिला झेपत नव्हतं.

वर जाण्याचे जिने कोपऱ्यांतल्या सातमजली मनोऱ्यांमधून आहेत. अरुंद, अंधारे, आणि पायऱ्या गुडघ्याएवढ्या उंच. मी म्हटलं खाली बस, मी येते जाऊन. तिने ऐकलं नाही. दर मजल्यावरच्या झरोक्याशी टेकत, पाणी पीत, "मेल्यांनी उंटांसाठी बांधला की काय जिना" असं म्हणत ती वर पोचली.

वर ते प्रसिद्ध सज्जे. घुमटाच्या आतल्या अंगाने गोल फिरणारी रुंद वाट. भिंतीशी तोंड नेऊन कुजबुजलं तर आवाज वक्र भिंतीला धरून सरपटत पार समोर पोचतो. एक टाळी वाजवली तर सात-आठ टाळ्या परत येतात. सगळ्यांनी हे ऐकलेलं असतं, म्हणूनच तिथे कुणालाही काहीही ऐकू येत नाही. आम्ही पोचलो तेव्हा कुठल्याशा शाळेची सहल वर होती. शंभरेक पोरं, आणि प्रत्येकजण "ओऽऽ". शंभर गुणिले आठ. कान फुटायची वेळ. कुणी शिट्ट्या मारत होतं, कुणी आपल्याच नावाने हाका मारत होतं. जगातल्या सगळ्यात संवेदनशील इमारतींपैकी एक, आणि आपण तिच्यात जाऊन काय करतो, तर बोंबलतो. मला राग आला होता. आत्याला राग आला नाही. ती तिच्या कामाला लागली.

भिंतीला पाठ टेकवून ती ताठ उभी राहिली आणि अठ्ठावीस वर्षांचा आवाज काढून म्हणाली, "सुम्न इर्री!" सीमेवरच्या शाळेत नोकरी केल्यामुळे तिला तेवढं कन्नड येतं. गप्प बसा. मग सवयीने पुढचं मराठीत आलं, "हाताची घडी, तोंडावर बोट!"

घुमटाने ते आठ वेळा सांगितलं. शंभर पोरांनी एकसाथ तोंडावर बोट ठेवलं. त्यांच्या मास्तरांनीसुद्धा.

अशी शांतता त्या जागेला किती दिवसांनी मिळाली असेल! खालच्या कबुतरांचे पंख ऐकू आले. मी तोपर्यंत फिरत फिरत बरोबर समोरच्या बाजूला गेले होते, मध्ये जवळजवळ सव्वाशे फुटांची पोकळी. आत्या भिंतीकडे तोंड करून वळलेली दिसली. मी कान भिंतीला लावला. आता ही काय बोलेल, असं वाटून माझं काळीज थोडं धडधडलं. खोटं कशाला सांगू, मला काहीतरी लक्षात राहण्यासारखं हवं होतं. आणि अगदी माझ्या खांद्याशी उभं राहून बोलावं तसा तिचा आवाज आला,

"गुडघे गेले गं माझे. खाली कशी उतरू?"

उतरली. बसत बसत, पाऊण तासाने. पोरांनी तिला वाट करून दिली.

मुलुख-ए-मैदान तोफ बुरुजावर आहे. तोंड एका अक्राळविक्राळ सिंहासारख्या प्राण्याचं, आणि त्याच्या जबड्यात चिरडलेला हत्ती. ओतीव धातूची ही तोफ 1549 ला अहमदनगरात घडली, निजामशाहीत. मग परंड्याच्या किल्ल्यात होती. परंडा म्हटल्यावर आत्या सरसावली, कारण तिची पहिली नोकरी बार्शीकडची आणि परंड्याला ती पोरांची सहल घेऊन गेलेली. तिथून ती तोफ 1632 ला विजापूरला आणली गेली. वजन सुमारे 55 टन. चारशे बैल आणि दहा हत्ती लागले, असं सांगतात. गाइड पुढे म्हणाला, "मुरार पंडित नावाच्या सरदाराने आणली."

"मुरार जगदेव?" आत्याने विचारलं.

"हां, वही."

"अगं, हा तोच मेला!" आत्या माझ्याकडे वळून म्हणाली. "पुण्यावर गाढवाचा नांगर फिरवणारा!"

पुणं बेचिराख करून, गाढवाचा नांगर फिरवून, पहार ठोकून गेलेला मुरार जगदेव. त्यावरच पुढे जिजाऊंनी सोन्याचा नांगर फिरवला, ही गोष्ट ती दरवर्षी सांगायची. तुळापूरला हत्तीची तुला केली ती गोष्टही याचीच. नावेत हत्ती उभा करून पाण्याची खूण करायची, मग तेवढी नाव बुडेपर्यंत दगड भरायचे, ही युक्ती शहाजीराजांनी सुचवली असं म्हणतात. म्हणजे आत्याच्या पुस्तकात हा माणूस नांगर घेऊन येतो आणि निघून जातो. इथे त्याला मागचं पुढचं होतं. पुणं उजाड केल्यावर वर्ष-दोन वर्षांत तो परंड्याहून ही धूड ओढून आणत होता. आणि 1635 ला विजापूरच्याच दरबारी भांडणात मारला गेला. "असं होय," आत्या म्हणाली, बराच वेळाने.

तोफेचं पुढचं नशीब आणखी गमतीचं. विजापूर इंग्रजांच्या ताब्यात, कारभार साताऱ्याकडून. 1854 ला त्यांनी तोफ भंगारात काढायचं ठरवून लिलाव केला. सगळ्यात मोठी बोली आली दीडशे रुपयांची. तेवढ्यात कुणाला तरी शहाणपण सुचलं आणि विक्री रद्द झाली. आत्याने तोफेवर टिचकी मारून बघितली. घंटेसारखी वाजते म्हणतात. मला पातेल्यासारखी वाटली, पण गाइडसमोर बोलले नाही.

दुपारी एका खानावळीत जेवलो. खानावळ हा शब्द त्यांचाही तोच. पातळ कडक भाकरी, भरली वांगी, शेंगाचटणी, दही. आत्याने वाढपी मुलाला चटणीत लसूण कमी असल्याचं सांगितलं आणि त्याने ते मान्य केलं. जेवताना मी तिला माझ्याकडची एक गोष्ट सांगितली, जी मला कळली तेव्हा मीही चाट पडले होते. सोलापूरचा किल्ला. निजामशाही आणि आदिलशाही या किल्ल्यावरून चाळीस वर्षं भांडल्या, कारण 1524 च्या एका लग्नात आदिलशहाने बहिणीबरोबर सोलापूर द्यायचं कबूल केलं आणि दिलंच नाही. शेवटी तालिकोटच्या लढाईआधी दोघांची सोयरीक झाली, तेव्हा उलट्या बाजूने, नगरची चांदबिबी विजापूरला सून म्हणून आली तेव्हा, सोलापूर तिच्याबरोबर आंदण आलं.

आत्याचा घास हातातच राहिला. "म्हणजे आपण हुंड्यात गेलेलं गाव!"

"दोनदा."

"एकदा बुडवलेल्या हुंड्यात," ती म्हणाली आणि हसत सुटली. त्यानंतर दिवसभर चाचांना, गाइडला, पाणी विकणाऱ्या पोराला ती स्वतःची ओळख "आम्ही हुंड्यातले" अशी करून देत होती.

इब्राहिम रोझा संध्याकाळी बघावा. ताजमहालाला इथून कल्पना मिळाली वगैरे सगळे सांगतात. त्या तुलनेची या इमारतीला काही गरज नाही. एकाच जोत्यावर समोरासमोर मशीद आणि कबर, मध्ये कोरडं कारंजं. गोलघुमट आकाराने दबवतो, हा रोझा जवळ बोलावतो. खिडक्यांना गज नाहीत, जाळी नाही. दगडात अक्षरं कापली आहेत आणि अक्षरांमधून उजेड आत येतो. आतल्या खोलीचं छत सपाट, दगडाचंच, आणि ते कशाच्या आधाराने टिकलं आहे हे नुसतं बघून कळत नाही. मलिक संदल हे बांधणाऱ्याचं नाव शिलालेखात कोरलेलं आहे.

इथे झोपलेला दुसरा इब्राहिम आदिलशहा 1580 ला नऊ-दहा वर्षांचा असताना गादीवर आला. त्याच्या वतीने सुरुवातीला कारभार बघणारी म्हणजे हीच चांदबिबी, त्याची काकू. मोठेपणी त्याला संगीताचं वेड. त्याने दखनीत पदं रचली, एकेक पद एकेका रागात, आणि त्या 'किताब-ए-नवरस'मध्ये सरस्वतीला वंदन आहे, गणपतीचं वर्णन आहे. स्वतःच्या तंबोऱ्याला त्याने मोतीखान असं नाव ठेवलं होतं. लोक त्याला जगद्गुरू म्हणत.

हे मी सांगत होते तेव्हा आत्या पायरीवर बसून पाय चोळत होती. "सरस्वतीला?" तिने विचारलं. मग दसऱ्याला पाटीपूजनाचं सांगायला लागली. एकच्या आकड्यांची सरस्वती. अठ्ठावीस वर्षं, दर दसऱ्याला, पन्नास-पन्नास पाट्या. पोरांना ती नीट जमायची नाही, मग हिनेच काढून द्यायची. बोटाने तिने पायरीवरच्या धुळीत एक-एक-एक असे आकडे काढले, आणि खाली रेघ मारली. "पुस्तकात एवढं तरी द्यायला काय झालं होतं," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "पण दिलं असतं तरी मी खानाच्याच धड्याला दोन तास दिले असते."

मला तिचं हे बोलणं फार प्रामाणिक वाटलं. मी स्वतः गाडीत येताना मनातल्या मनात हिशेब मांडत आले होते. आपल्या भाषेतलं दफ्तर, सरकार, जमीन, जबाब, हवालदार, शेजारच्या फडणीस आणि पोतनीस आडनावांतलं निम्मं अंग, हे सगळं अशाच दरबारांतून आलं. आदिलशाहीच्या कागदांत फारसीच्या बरोबरीने मोडीतली मराठीही असायची. हे सगळं सांगून आत्याला काहीतरी पटवायचं, असा माझा बेत होता. पण गोष्ट सांगणाऱ्याला दोन तास कशाला द्यायचे हे कळलेलं असतं. त्याबद्दल तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

बाकी विजापूर आम्ही धावतच पाहिलं. आसार महालात आतल्या दालनात बायकांना जाऊ देत नाहीत, आत्या म्हणाली, "राहू दे, गुडघे तरी वाचले." गगनमहालाची कमान एवढी रुंद आहे की खालून लग्नाची वरात आडवी जावी. 1686 ला औरंगजेबाने विजापूर जिंकलं तेव्हा तरुण सिकंदर आदिलशहाला चांदीच्या बेड्या घालून इथेच त्याच्यापुढे आणलं, असं सांगतात. त्या कमानीखाली आत्या उगाचच चार पावलं पुढे गेली, थांबली आणि उजवा हात लांब केला. खडूचा डबा ठेवायची त्या उंचीवर. कुणी पाहिलं का म्हणून तिने वळून बघितलं. मी मोबाइलमध्ये बघत असल्याचं सोंग केलं. बारा कमान म्हणजे दुसऱ्या अलीची अर्धवट कबर, ज्या अलीच्या नावाने खान निघाला तो. नुसत्या काळ्या कमानी, वर आभाळ.

साठ कबर गावाबाहेर आहे. टांगा तिथे जात नाही, आम्ही आमची गाडी काढली आणि चाचा पुढे बसले. वाटेत दोनदा विचारावं लागलं. शेतं, काटेरी झुडपं, आणि मग एक दगडी चौथरा. त्यावर रांगांमध्ये कबरी. सगळ्या काळ्या दगडाच्या, एका मापाच्या, माथा सपाट. बाईच्या कबरीचा माथा सपाट ठेवतात, पुरुषाच्या कबरीवर मध्ये उंचवटा असतो, चाचांनी सांगितलं.

गोष्ट अशी की 1659 ला मोहिमेवर निघताना ज्योतिषाने खानाला सांगितलं, तू परत येणार नाहीस. मग आपल्यामागे बायका दुसऱ्या कुणाच्या हाती पडू नयेत म्हणून त्याने त्यांना मारून इथे पुरलं. खानाने स्वतःसाठी इथून जवळच कबर बांधवून ठेवली होती. तो तिच्यात आला नाही, प्रतापगडाच्या पायथ्याशी राहिला. बायकांची गोष्ट खरीच असेल असं नाही. एखाद्या मोठ्या घराण्याची ही नेहमीची दफनभूमी असू शकते आणि गोष्ट नंतर चिकटली असू शकते. मी आत्याला हे म्हटलंही.

तिने ऐकलं की नाही कुणास ठाऊक. ती मोजत होती. बोट पुढे करून, ओठ हलवत, हजेरी घेताना करायची तसं. रांगेच्या शेवटी पोचली की परत वळून पुढची रांग.

"त्रेसष्ट," ती म्हणाली.

मी बासष्ट मोजल्या होत्या. दोघींनी परत मोजल्या. पुन्हा जमलं नाही.

"एक खुली आहे," चाचा म्हणाले. "खाली. उसमें कोई नहीं. लोग बोलते, एक भाग गई."

ऊन कलतं होतं. आत्या चौथऱ्याच्या काठावर टेकली. "मी खानाला दरबारातून थेट प्रतापगडला न्यायचे," ती म्हणाली. "विडा उचलला की निघाला. मध्ये त्याचं घर लागतं, हे कधी लक्षातच आलं नाही." मग पिशवीतून उरलेली दशमी काढून तिने चाचांना दिली, आणि आम्ही निघालो.

चाचांना गावात सोडलं. परतीच्या वाटेवर ती झोपली, तोंड किंचित उघडं, हातात पाण्याची बाटली. अंधार पडला होता. भीमेच्या पुलावर चढताना गाडीला हिसका बसला आणि ती जागी झाली.

"नदी आली का?"

"हो. टाकळी."

ती काचेतून खाली बघत राहिली. पाणी दिसत नव्हतं, नुसतं काळं. पूल संपत आला तेव्हा म्हणाली, "तिला पण लागली असेल गं ही. तेव्हा कुठला पूल."